मात्रा जपणाऱ्या ताईंना

ताई,

तुम्ही दुरुस्त केलेल्या ओव्यांच्या सर्चमध्ये काल रात्री 'माहेर' शोधलं आणि माहेरच आलं. पहिलीच ओवी आईच्या आवाजात ऐकू आली, पुढचं वाचताच येईना. म्हणून हे पत्र आज सकाळी लिहितेय.

आई गेल्यावर तिच्या चार वह्यांतल्या जात्यावरच्या ओव्या मी दीड वर्ष बसून टाइप केल्या. पण 'माहेर' शोधलं की आंब्याचा मोहोर यायचा, लग्नाचा मुहूर्तही यायचा. 'सीता' मागितली तर संत हजर. ज्यांना पैसे देऊन काम दिलं होतं ते म्हणाले, मराठीत सर्च असाच चालतो, इंग्रजी अक्षरांत टाइप करा. आईच्या ओव्या, इंग्रजी अक्षरांत! मग त्यांनी फोन उचलणंच सोडलं.

तुम्ही दुखणं लगेच ओळखलंत. ओव्या ज्यात साठवल्यात त्या एसक्यूलाइट डेटाबेसचा, मजकुराचे शब्द पाडणारा तो 'युनिकोड६१' अक्षरं आणि अंक यांनाच शब्दात धरतो. काना, वेलांटी, अनुस्वार दिसला की तिथेच शब्द तोडतो. माहेर असो की मोहोर, हाती उरतं म, ह, र. फ्रेंच 'कॅफे'वरची तिरकी रेघ पुसली तरी शब्द ओळखू येतो, आपला काना पुसला तर स्वरच जातो, हे तुम्ही किती सहज समजावलंत. 'बिऱ्हाड' मी दोन तऱ्हांनी टाइप केलं होतं, दिसायला एक आणि आतून वेगळं. तेही तुमच्याच नजरेने टिपलं.

पण डोळे भरून आले ते त्या फाइलमुळे. बदललेल्या सेटिंगच्या वर तुम्ही मराठीत लिहून ठेवलंय: 'मात्रा हे अक्षराचं अंग आहे, तोडू नये. कुणी यात बदल केला तर आधी माहेर शोधून पाहावं.' हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यामागे या ओव्या कोण उघडेल, मलाही माहीत नाही. तुम्ही त्याचीही काळजी वाहिलीत. आई सांगायची, त्यांच्या गावात पाणी भरून झालं की बायका विहिरीचा दोर मागून येणारीसाठी गुंडाळून ठेवून जात. तशी माणसं अजून आहेत, ताई.

पैशांचं विचारलं तर म्हणालात, एक ओवी पाठवा. तिसऱ्या वहीतल्या पानाचा फोटो सोबत जोडलाय. 'माहेर'मधल्या ह वरची मात्रा बघा, आईने ती वरच्या ओळीपर्यंत ओढलीय.

तुमची,
ओव्यावाली