शाईचा एक ठिपका

डॉक्टर मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही म्हणून. पण हे पत्र वाचलंत तर लगेच ओळखाल. पेन्सिल, खोडरबर आणि निळं बॉलपेन आठवतंय ना?

माझ्या भावाचा एएमएल, म्हणजे ल्युकेमियाचा (रक्ताच्या कॅन्सरचा) एक प्रकार, परत आला तेव्हा तो २२ वर्षांचा होता. केमोनंतर मॅरो, म्हणजे हाडांतला मगज, स्वच्छ आला होता, रिमिशन म्हणजे आजार दिसेनासा झाला म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकला होता. सात महिन्यांनी ब्लास्ट, म्हणजे आजाराच्या कच्च्या पेशी, पुन्हा दिसले. ज्यांच्याकडे उपचार चालू होते त्यांनी रिपोर्टवरची नजर न उचलता विचारलं, "पथ्यपाणी नीट केलं नाही का?" तो समोर बसला होता आणि प्रश्न मला विचारला. त्यांच्या तोंडून ते सहज गेलं असेल, पण आमच्या घरात ते वाक्य तीन आठवडे मुक्कामाला होतं. कधी बाहेरचं खाल्लं, कोणत्या रात्री जागलो, हे तो अंथरुणात भिंतीकडे तोंड करून मोजत बसायचा. त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही तर आमच्या डॉक्टरही नव्हतात. रक्ताच्या मूळपेशींवरच्या, म्हणजे ज्यांतून रक्ताच्या बाकी पेशी बनतात त्यांवरच्या, तुमच्या संशोधनासाठी त्याच्या मॅरोचा थोडा नमुना हवा होता. सही घ्यायला दुसरं कुणी पाठवलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही स्वतः आलात, खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलात. या संशोधनाचा त्याला स्वतःला बहुधा काही उपयोग होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलंत. मग त्याच्याकडे बघून म्हणालात, "काही विचारायचंय तुला?"

तो म्हणाला, "माझं काय चुकलं?"

तुम्ही एक कोरा कागद घेतलात. पेन्सिलने ठिपकेच ठिपके काढलेत आणि कोपऱ्यात बॉलपेनने एकच. खोडरबर त्याच्या हातात दिलात. "ही केमो. चालव."

पेन्सिलचे ठिपके गेले, शाईचा राहिला. तो खोडत राहिला, कागद फाटायला आला तरी. तुम्ही थांबवलं नाहीत. नंतर म्हणालात, "हात तुझा बरोबरच चालला. शाईच वेगळी आहे. ती कशाने जाईल तेच मी शोधतेय."

मग सांगितलंत की बहुतेक केमो भराभर विभागणाऱ्या पेशींवर चालते, आणि ल्युकेमियाची मूळपेशी बऱ्याचदा निजलेली असते, म्हणून वाचते. १९६१ मध्ये टोरांटोत टिल आणि मॅकलॉक यांना उंदरांच्या प्लीहेवर गाठी दिसल्या, एकेका पेशीतून उगवलेल्या, आणि तिथून रक्ताच्या मूळपेशीचा माग लागला. १९९४ मध्ये त्याच शहरात जॉन डिक यांच्या गटाने दाखवलं की एएमएलच्या सुमारे २,५०,००० पेशींमागे एखादीच उंदरात आजार नव्याने रुजवू शकते. भाऊ हे सगळं गोष्ट ऐकावी तसं ऐकत होता. अडीच लाखांत एक! ती एखाद्या रात्रीच्या जागरणाने जागी झाली नव्हती. त्या रात्री तो भिंतीकडे तोंड न करता झोपला.

हुशार माणसं आम्हाला या काळात खूप भेटली. पण आजारी माणसालाच त्याच्या आजाराबद्दल, त्याच्या डोळ्यांत बघून, खरं सांगणारी फार थोडी. त्याला वेळही लागत नाही हो. तुमची वीसेक मिनिटं गेली असतील.

पुढचं थोडक्यात सांगते. दात्याच्या पेशी चालतील का हे ज्यावरून ठरतं ते एचएलए सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, माझा जुळला. माझ्या मूळपेशी त्याला देऊन, ट्रान्सप्लांट होऊन आता चौदा महिने झाले. त्याचं रक्त आता माझ्या पेशी बनवतात, रक्तगट माझा झालाय, त्या पेशींचे क्रोमोसोमसुद्धा एक्सएक्स, म्हणजे बाईचे. उरलीसुरली शाई शोधून मारायचं कामही माझ्याच पेशींकडे आहे, हे आठवलं की मी उगाचच नीट जेवते.

तो कागद त्याच्या फाइलमध्ये सगळ्यात वर आहे, सगळ्या रिपोर्टांच्या वर. कोपऱ्यातल्या ठिपक्याभोवती घासून भोक पडायला आलंय, म्हणून त्याने मागून चिकटपट्टी लावलीय.

तुमच्या कामासाठी पुन्हा नमुना लागला तर जरूर कळवा. मात्र मला नका विचारू, त्यालाच विचारा.

तुमची,
त्याची ताई