नैरोबीला निघण्याआधी

पुणे, ११ फेब्रुवारी

प्रिय निखिल,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीत सहा आठवडे एखाद्या संस्थेत इंटर्न होऊन सामाजिक उद्योजकता, म्हणजे समाजाचा प्रश्न धंद्याच्या मार्गाने सोडवणं, शिकायला जायचं आणि तेही नैरोबीला, हे वाचून बरं वाटलं. शहर बरोबर निवडलंस. २००७ साली तिथे एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा, सुरू झालं आणि गरीब गिऱ्हाइकाकडून रोज चाळीस-पन्नास शिलिंग फोनवरून घेणं परवडायला लागलं. तिथले कितीतरी सामाजिक उद्योग त्याच पायावर उभे आहेत.

पण सहा आठवडे म्हणजे कामाचे दिवस तीस. पहिला आठवडा ओळखीपाळखीत जातो, शेवटचा अहवालात. उरलेल्या वीस दिवसांत एकाच प्रश्नाचा पाठपुरावा होतो. तो प्रश्न इथूनच घेऊन जा आणि तो पैशाचा असू दे: या सेवेचे पैसे नेमके कोण भरतं, आणि भरणं कधी थांबवतं? ‘महिलांचं सक्षमीकरण’ वगैरे विषय घेतलास तर वीस दिवसांत छान फोटोंपलीकडे काही हाती लागणार नाही.

मुकुरूचं उदाहरण घे. नैरोबीच्या औद्योगिक भागाला लागून असलेली ही पत्र्याच्या घरांची वस्ती. बहुतेक ठिकाणी गटारवाहिनी नाही आणि गल्ल्या इतक्या अरुंद, की मैला उपसणारी गाडी आत शिरत नाही. तिथे २०११ मध्ये सॅनर्जी या कंपनीने ‘फ्रेश लाइफ’ नावाची शौचालयं सुरू केली. लघवी आणि मैला वेगवेगळ्या डब्यांत पडतो, वर लाकडाचा भुसा टाकायचा. भरलेले डबे झाकण लावून हातगाडीने बाहेर काढतात आणि रिकामे ठेवतात. पुढे मैल्यावर काळ्या सैनिक माशीच्या अळ्या वाढवून जनावरांचं खाद्य आणि खत करतात. ऐकायला झकास वाटतं, आणि पाहुणे बहुतेक त्या अळ्याच बघून परततात. खरी गोम मात्र गल्लीत आहे. धर, डबे उचलणाऱ्याची दिवसाची मजुरी ८०० शिलिंग (आकडा मी हिशेबापुरता घेतलाय). फेरीत २० शौचालयं झाली तर दर शौचालयामागे ४० शिलिंग पडतात. तीच आठच झाली तर १००. डबा तोच, माणूस तोच, तरी खर्च अडीचपट. म्हणजे शौचालयं वाढवायची ती वस्तीभर विखरून नाही, एकाच गल्लीत दाटीने. आणि दाटी केली तरी अशा पद्धतीत गोळा करण्याचा सगळा खर्च वापरणाऱ्याच्या पैशातून किंवा खताच्या विक्रीतून निघत नाही. मग उरलेले कोण देतं? घरमालक, देणगीदार की महापालिका? तुझा अहवाल इथून सुरू व्हायला हवा.

जायच्या आधी दोन सकाळी पुण्यातच ‘स्वच्छ’च्या कचरावेचकांबरोबर फिर. ती त्यांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था आहे आणि घराघरांतून दरमहा शुल्क घेते. घरं, फेरी, वेळ, वसुली यांचा हिशेब तोच. तिथे मांडता आला तर मुकुरूत अडणार नाहीस.

शौचालय नको असेल तर एम-कोपा या कंपनीची सौरदिव्यांची हप्तेवसुली बघ. सुरुवातीला थोडी रक्कम भरायची, मग रोजचा छोटा हप्ता. हप्ता चुकला की दिवा लांबून बंद करतात, भरला की पुन्हा लागतो. समज, ३६५ हप्ते आहेत आणि गिऱ्हाईक शंभरातले ऐंशी दिवसच भरतं. कर्ज फिटायला साधारण ४५६ दिवस लागतील. गिऱ्हाईक बुडवं नसतं, पण जादा ९१ दिवस कंपनीचं भांडवल अडकतं. शाळेची सत्रं सुरू होतात तेव्हा फी भरावी लागते, हप्ते तेव्हा हमखास लांबतात. नुसती सरासरी काढलीस तर हे दिसणारच नाही. महिन्यागणिक मांड.

शेतीच्या बाजूला वन एकर फंड आहे, पश्चिम केनियात, बियाणं आणि खत उधारीवर देणारा. काम उत्तम, पण तुझी सुट्टी मे-जूनची. मक्याची पेरणी मार्च-एप्रिलच्या पावसावर होऊन गेलेली असेल आणि काढणी लांब. तो नाद यंदा सोड.

गिऱ्हाइकांच्या मुलाखतीत ‘सेवा आवडते का?’ विचारू नकोस. पाहुण्याला सगळे होच म्हणतात. ‘काल किती दिले? त्याआधी कधी? तेव्हा का नाही?’ असं विचार. एम-पेसाचे संदेश त्यांच्या फोनवरच असतात, त्यांनी आपणहून दाखवले तर तारखा पक्क्या मिळतात. दुभाषी वस्तीतलाच घे, कारण तिथली तरुण मंडळी पुस्तकी स्वाहिली बोलत नाहीत, आणि त्याला रोजची मजुरी दे. संस्थेच्या वसुली कर्मचाऱ्याला मात्र दुभाषी करू नकोस, त्याच्यासमोर थकबाकी कोण कबूल करेल? बचतीबद्दल बोलताना चामाबद्दल जरूर विचार. आपल्या भिशीसारखाच प्रकार आहे, आणि हप्ता चुकण्याचं कारण कित्येकदा चामाची पाळी हेच असतं.

आता कागदपत्रं. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकला, त्याऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, घ्यावी लागते. ती प्रवेशापुरती, कामाची परवानगी नव्हे. इंटर्नसाठी कोणता पास काढणार, हे संस्थेकडून लेखी घे. स्वतःचं सर्वेक्षण करणार असशील तर नाकोस्टी या सरकारी आयोगाचा संशोधन परवानाही लागतो, आणि तो ऐनवेळी मिळत नाही. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घे. दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो आणि आयुष्यभर चालतो. तो नसेल तर परतल्यावर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तेव्हा तारीख आधी घे. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना सांग.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१७ पासून बंदी आहे. आईने चिवडा दिलाच तर डब्यात भर. स्वेटर घे, शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १७०० मीटरवर आहे, जूनच्या रात्री बोचऱ्या असतात.

मध्यस्थ कंपन्या इंटर्नशिपसाठी भलीमोठी फी मागतात. त्यातले यजमान संस्थेला किती जातात ते विचार. उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ संस्थेलाच एक पानी पत्र लिही: प्रश्न एक, तारखा, कोणती माहिती लागेल आणि जाताना तू काय देऊन जाशील. देण्यासारखं म्हणजे नावं काढून टाकलेली आकडेवारी आणि दुसऱ्या कुणालाही पुढे चालवता येईल असा हिशेबाचा तक्ता. ॲपचं आश्वासन देऊ नकोस, तू निघालास की ते बंद पडतं.

पत्राचा मसुदा झाला की मला पाठव, रविवारपर्यंत वाचून देतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
अभय