फॅटबॉय की जुना तीन भागांचा रेझर?

प्रिय श्रीरंग,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. जिलेटचा १९५८ साली आलेला ‘फॅटबॉय’ रेझर घ्यावा की त्याहून स्वस्तात मिळणारा जिलेटचाच टोपी, दातेरी पट्टी आणि मूठ अशा तीन भागांचा जुना रेझर घ्यावा, असे तू विचारले आहेस. माझा कौल जुन्या रेझरला आहे, आणि त्याचे कारण किमतीपेक्षा त्याच्या घडणीत आहे.

धार गेली की टाकून द्यायचे ब्लेड ही कल्पना किंग कॅम्प जिलेट यांना १८९५ साली सुचली. पण इतका पातळ पोलादी पत्रा वेडावाकडा न होऊ देता कडक कसा करायचा आणि त्याला धार कशी लावायची, हे कोडे पुढे विल्यम निकर्सन या अभियंत्याने सोडवले. १९०३ साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर खपले आणि पुढच्याच वर्षी हा आकडा ९० हजारांवर गेला.

मला भुरळ पडते ती मात्र ब्लेड वाकवण्याच्या युक्तीची. पातळ ब्लेड सपाट धरले तर राठ केसाला लागताच ते थरथरते. म्हणून वरची टोपी आणि खालची दातेरी पट्टी यांच्यामध्ये ते कमानीसारखे दाबलेले असते, आणि त्या बाकामुळेच त्याला ताठपणा येतो. आट्यांवर फिरणारी मूठ पूर्ण आवळली की धार दात्यांजवळ येते व दाढी सौम्य होते. मूठ किंचित उलटी फिरवली की बाक कमी होतो, धार दात्यांपासून दूर सरकते आणि दाढी अधिक घोटून होते. म्हणजे ज्या सोयीसाठी फॅटबॉयच्या मानेवर १ ते ९ आकड्यांचे कडे बसवावे लागले, ती सोय १९०४ साली पेटंट मिळालेल्या या रचनेत एका आट्यानेच साधली होती!

फॅटबॉय देखणा आहे, हे मी नाकारत नाही. बुडाची कळ फिरवली की माथ्याची दोन्ही झाकणे उघडतात, त्यात ब्लेड ठेवायचे की झाले. शिवाय माथ्याखाली कोरलेल्या अक्षर-अंकावरून त्याचा जन्मकाळही कळतो, जसे ‘ई ३’ म्हणजे १९५९ सालची तिसरी तिमाही. संग्रह करणाऱ्याला हे सारे हवेसे वाटणारच. परंतु झाकणांच्या सांध्यांत साबण साचतो आणि तो सहजी निघत नाही. तीन भागांचा रेझर सुटा करून नळाखाली धरला की स्वच्छ होतो.

ब्लेडची चिंता नको, कारण आज दुकानात मिळणारे दुधारी ब्लेड त्या जुन्या नमुन्यातही बसते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी ३५ लाख रेझर घेतले गेले होते, तेव्हा इतक्या संख्येने बनलेल्या वस्तूसाठी घाईने जास्त पैसे मोजू नकोस. विक्रेत्याकडून जवळून काढलेली छायाचित्रे मागव, पट्टीचा एखादा दाता वाकलेला नाही ना ते पाहा, आणि मुठीच्या नळीला उभी चीर असेल तर मुलामा कितीही चकचकीत असला तरी तो नग घेऊ नकोस.

तुझा,
माधव