गप्प झालेलं मूल रुळलेलंच असतं असं नाही

महोदय,

लहान मुलाला पाळणाघरात घातलं किंवा रुग्णालयात ठेवलं की 'दोन-चार दिवस रडेल, मग आपोआप राहील', असं पालकांना सांगितलं जातं. मूल राहतं हे खरं. पण ते कशामुळे गप्प झालं, हे कुणी फारसं बघत नाही.

ब्रिटनमधले संशोधक जेम्स रॉबर्टसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला रुग्णालयातल्या एकट्या मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. आधी आक्रोश आणि दाराकडे लागलेले डोळे. मग मरगळ. आणि शेवटी अलिप्तपणा. या शेवटच्या अवस्थेतलं मूल कुणाकडेही जातं, खाऊ घेतं, हसतंही. वॉर्डात सगळे त्याला गुणी म्हणतात. आई भेटायला आली की मात्र ते तोंड फिरवतं. घरी परतल्यावर पदर सोडत नाही, रात्री दचकून उठतं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. ब्रिटनमध्ये रुग्णालयातल्या मुलांविषयीच्या १९५९च्या प्लॅट अहवालाने पालकांना केव्हाही भेटू द्यावं अशी शिफारस केली, त्यामागे हे काम होतं.

साधारण सहा-सात महिने ते तीन वर्षं हा काळ सर्वांत नाजूक. आपलं माणूस कोण हे मुलाला पक्कं कळलेलं असतं, पण 'संध्याकाळी येते' यातली संध्याकाळ कळत नाही.

पण यावरून नोकरी करणाऱ्या आयांना धारेवर धरायचं कारण नाही. अमेरिकेत १९९१मध्ये सुरू झालेल्या, तेराशेहून अधिक मुलांच्या अभ्यासात निव्वळ पाळणाघरामुळे आई-मुलाचं नातं बिघडल्याचं दिसलं नाही. घरी मुलाच्या हाकेला ओ मिळत नव्हती आणि बाहेरचा सांभाळही निकृष्ट, आठवड्याला दहा तासांहून जास्त किंवा सतत बदलणारा होता, तिथे धोका वाढला. रोमानियातल्या बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या मुलांची गोष्ट वेगळी: त्यांना आपलं असं एक माणूसच नव्हतं. त्यांच्यातली जी साधारण दोन वर्षांच्या आत सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात (फॉस्टर केअर) गेली, त्यांचं जिव्हाळ्याचं नातं उशिरा गेलेल्यांपेक्षा चांगलं जुळलं.

मुलाला पाळणाघरात हळूहळू रुळवण्याची जर्मनीतली 'बर्लिन पद्धत' इथे उपयोगी आहे. पहिले तीन दिवस पालकाने तासभर मुलासोबत खोलीत बसायचं, मधे निघून जायचं नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन बाहेर जायचं, जास्तीत जास्त अर्धा तास, तेही इमारतीतच थांबून. हा चौथा दिवस सोमवार असेल तर मंगळवारपर्यंत थांबायचं, कारण सुट्टीनंतर मूल पुन्हा बुजलेलं असतं. पाळणाघरातल्या बाईंच्या कडेवर मुलाची समजूत पटत नसेल, तर दोन-तीन मिनिटांत परत यायचं आणि पुढचा प्रयत्न काही दिवसांनीच करायचा. मूल रडलं की नाही हा निकष नाहीच. रडल्यावर बाईंच्या जवळ शांत होतं का, एवढं पाहायचं.

मूल खेळात गुंतलंय असं पाहून हळूच सटकणं सर्वांत वाईट. त्यानंतर ते खेळतच नाही, पहारा देतं.

पाळणाघर निवडताना पालक कॅमेरे आणि जेवणाचा तक्ता तपासतात. गेल्या वर्षभरात इथल्या किती बाया काम सोडून गेल्या आणि माझ्या मुलाची रोजची बाई कोण असेल, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

आपली,
बालविकास क्षेत्रातील एक वाचक