मुंबईला जाणाऱ्या वऱ्हाडी माणसानं जेवावं कुठं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिथल्या लोकांच्या आवडत्या हॉटेलांची पानभर यादी आली होती. फोटो सुरेख होते, लिहिलंही मन लावून होतं. पण निम्मीअधिक नावं कुलाबा, वांद्रे आणि लोअर परळच्या बड्या हॉटेलांची होती. दोन माणसांच्या एका जेवणाचा जो खर्च दिला होता, त्यात आमच्याकडं निंदणाला लावलेल्या पाच-सहा बायांची दिवसाची मजुरी निघते. विदर्भ एक्स्प्रेसनं किंवा अमरावती-मुंबई गाडीनं सकाळी सीएसएमटीला उतरणारा माणूसही मुंबईचा पाहुणाच असतो. त्याच्या हातात दवाखान्याची फाईल असते, नाहीतर मंत्रालयातल्या अर्जाची नक्कल असते, आणि दिवसभरात त्याला दोनदा पोटाला काहीतरी लागतं. त्याच्यासाठी त्या पानावर एक ओळसुद्धा नव्हती, म्हणून हे पत्र.

मी धामणगाव रेल्वे तालुक्यातला कास्तकार. पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर घेतो. तरुणपणी काही वर्षं परळला एका गोदामात कामाला होतो, त्यामुळं गावातल्या कुणाला परळच्या टाटा कॅन्सर दवाखान्यात किंवा केईएमला न्यायचं झालं की निरोप माझ्याकडं येतो. माणसं डॉक्टरला काय विचारायचं ते घोकून येतात, राहण्याची सोय आधी करून घेतात. जेवणाचं मात्र कुणीच पाहत नाही. घरून बांधून घेतलेल्या भाकरी आणि ठेचा दुसऱ्या दिवशी दुपारी संपतो. मग फुटपाथवरची बिस्किटं आणि चहा यावर दिवस काढतात. खिशात पैसे नसतात असंही नाही. अनोळखी हॉटेलात पाय ठेवायची भीती वाटते. आत गेलं तर किती लागतील, काय मागायचं, कुठं बसायचं, कुणी हटकलं तर काय करायचं, हेच माहीत नसतं.

माझं म्हणणं असं की मुंबईतली लोकांची खरी आवडती हॉटेलं मुळात अशाच माणसासाठी निघालेली आहेत. सात बेटं जोडून झालेलं ते शहर, तिथं जो तो बाहेरूनच आला, आणि बराच काळ एकटा आला. घर गावाकडं, बायको-लेकरं गावाकडं. आमच्या वऱ्हाडचा कापूस न्यायला म्हणून रेल्वे नागपूरपर्यंत आली ती १८६७ साली. त्या कापसावर चालणाऱ्या गिरण्यांत कोकणातला आणि घाटावरचा माणूस राबायला लागला. त्याला दोन वेळचं घालायला गिरणगावातल्या बायांनी आपल्या खोलीत खानावळी घातल्या. आठ बाय दहाची खोली, त्यात स्टोव्ह, आणि पाळीप्रमाणं जेवायला येणारी पंधरा-वीस माणसं. या बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या. त्यांच्यातल्या काहींच्या जागी आता मॉल आहेत, आणि आपल्या यादीतली लोअर परळची हॉटेलं त्याच भागातली. ज्या पट्ट्यात आमचा कापूस जायचा तिथं आम्हाला जेवण परवडू नये, हे वाचताना फार लागलं.

बाकीच्यांचंही तसंच. काळबादेवीला कापडाच्या पेढ्यांवर गुजराती-मारवाडी माणूस आला, त्याच्यासाठी भोजनालयं निघाली. १९४५ पासून चालत आलेलं ठाकर भोजनालय अजून तिथल्या गल्लीत आहे. इराणातून आलेल्या लोकांनी नाक्यानाक्यावर चहा-पाव सुरू केला. माटुंग्याला कारकुनी करणारा दक्षिणेकडचा तरुण राहायला आला, तर उडुपी बोर्डिंगं उभी राहिली. पाहुण्याला मुंबई दाखवायची तर हीच दाखवा. तिथं आजही मुंबईकर स्वतः रांग लावतो आणि दर साध्या माणसाच्या आवाक्यातले आहेत. मला माहीत असलेली काही इथं लिहितो.

सीएसएमटीच्या समोर, रस्ता ओलांडला की कॅपिटॉल बिल्डिंगमध्ये 'आराम' आहे, १९३९ पासूनचं. वडापाव, मिसळ, थालीपीठ, पियुष असं ओळखीचं खाणं मिळतं. तिथून जवळच बाजारगेटच्या बाजूला 'पंचम पुरीवाला' हे फार जुनं ठिकाण. गरम पुऱ्या आणि बटाट्याची रस्सा भाजी, यात कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. रात्रभर गाडीत अंग आंबलेलं असतं, अशा वेळी ही पुरीभाजी माणसाला उभं करते. महापालिकेच्या इमारतीजवळ 'कॅनन'ची पावभाजी आहे, ती उभ्यानं खायची. मंत्रालयाचं काम असणाऱ्यानं सीएसएमटीहून थोडं चालून धोबीतलावला 'कयानी'त जावं. १९०४ सालचं इराणी हॉटेल. लाकडी खुर्च्या, संगमरवरी टेबलं, आणि ब्रुन मस्का चहात बुडवून खाणारे कोर्टातले वकील आणि कॉलेजची पोरं एकाच टेबलाशी. कडक पाव चहात नीट भिजू द्यावा, नाहीतर म्हाताऱ्या दातांना त्रास होतो.

आता माटुंगा. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण टाटात आणि केईएममध्ये येणाऱ्या आमच्या लोकांच्या हे सगळ्यात कामाचं आहे. परळ स्टेशनातून धीमी लोकल पकडायची. दादर गेलं की पुढचं माटुंगा. फास्ट लोकल तिथं थांबत नाही, हे ध्यानात ठेवावं. पूर्वेला उतरलं की स्टेशनला लागूनच मार्केटची इमारत आहे, तिच्या वरच्या मजल्यावर रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासूनचं. आधी गल्ल्यावर पैसे देऊन कूपन घ्यायचं आणि नंबर येईपर्यंत थांबायचं. आधीच पैसे दिलेले असल्यामुळं बिलाची धास्ती राहत नाही, आणि आमच्या माणसाला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. केळीच्या पानावरचं जेवण घेतलं तर पोटभर वाढतात. भात, सांबार, रसम, दोन भाज्या, पापड, ताक.

शेजारच्या वहिनींना मी तिथं नेलं होतं. दादाला टाटात दाखल केलेलं, त्यांच्याजवळ पुतण्या बसलेला. वहिनी आदल्या रात्रीपासून जेवल्या नव्हत्या. कितीही म्हटलं तरी "भूकच नाही बाप्पा" एवढंच. पान समोर आलं तशा अंग चोरून बसल्या, शेजारी परके बाप्ये जेवत होते म्हणून. वाढप्यानं न विचारता रसमची वाटी पुढं केली. त्यांनी एक घोट घेतला आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, हे तर आपल्या वरणाच्या पाण्यावाणी लागते." मग भात मागून घेतला. वाढपी फिरून आला, त्यानं परत वाढलं, आणि त्यांनी तेही खाल्लं. उठताना दादासाठी इथून काही नेता येईल का, म्हणून विचारत होत्या.

रोग्यासाठी काय न्यायचं ते डॉक्टरला विचारूनच न्यावं. पण औषधांनी तोंड आलेल्या माणसाला तिखट सोसत नाही, तेव्हा मऊ इडली किंवा दहीभात पुष्कळदा चालतो, आणि तो या भागात कुठंही चांगला मिळतो. जवळच १९४० सालचं 'कॅफे मद्रास' आणि 'राम आश्रय' आहे. सकाळी दोन्हीकडं गर्दी असते. जरा उशिरा गेलं तर लवकर बसायला मिळतं.

दादरला आमच्या माणसाचं मन लवकर रमतं. पूर्वेला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं कॅन्सरच्या रुग्णांना आणि सोबतच्यांना आसरा मिळतो. बाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. "भुकेलेल्यांना अन्न" ही त्यांच्या दशसूत्रीतली पहिली ओळ, आणि मुंबईत आमचे कितीतरी लोक अजून तिच्याच आधारानं राहतात. पश्चिमेला स्टेशनाजवळ १९१० सालचं मामा काणे यांचं उपाहारगृह, तिथला बटाटेवडा. छबिलदासच्या गल्लीत श्रीकृष्णचा वडा. शिवाजी पार्ककडं 'प्रकाश'चा साबुदाणा वडा, उपासाच्या दिवशी फार सोयीचा. तिकडंच 'आस्वाद', ज्याच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये पुरस्कार मिळाला. आमच्या तर्रीची सवय असलेल्या जिभेला ती मिसळ सौम्य लागेल. तरी खाऊन पाहावी, चव निराळी आणि चांगली आहे.

मासे खाणाऱ्यांनी दादरच्या 'गोमांतक'सारख्या ठिकाणी एकदा तरी थाळी घ्यावी. आमच्याकडं मासा म्हणजे नदीचा नाहीतर धरणाचा, रोहू, कतला, मरळ. रोहूत बारीक काटे जागोजागी असतात, त्यामुळं आपण लेकरांना मासा घालताना जीव मुठीत धरतो. सुरमईच्या तुकडीत मधला मोठा काटा काढला की जवळजवळ काम झालं. बाकी मांस मोकळं सुटतं. बोंबील तर एवढा मऊ की त्याचा काटाही कुरकुरीत तळून खाल्ला जातो. समुद्राचा मासा वास मारतो असं गावात म्हणतात. ताजा असेल तर मारत नाही. शेवटी सोलकढी प्यावी, कोकम आणि नारळाच्या दुधाची.

जे.जे. दवाखान्यात जाणारा माणूस भेंडीबाजारापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर असतो, आणि आमच्याकडचे बरेच लोक त्या भागात जेवायला उगाच बिचकतात. तिथं १९२३ पासून 'नूर मोहम्मदी' आहे. नल्ली निहारी, म्हणजे मंद आचेवर शिजवलेलं नळीचं मटण, खमीर घातलेल्या रोटीशी खायचं. सावजीसारखं ते झोंबत नाही, मसाला आत मुरलेला असतो. एकदा आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या बुवांना मी घेऊन गेलो. त्यांच्या हातातली सलाइनची पट्टी पाहून शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी जागा करून दिली, आणि कोणत्या वॉर्डात आहात म्हणून आपुलकीनं विचारलं. सायनच्या दवाखान्यात येणाऱ्यांना 'गुरुकृपा'चे समोसे-छोले जवळ पडतात. फाळणीनंतर सिंधी आणि पंजाबी निर्वासित त्या भागात वसले, त्यांच्या हातची ही चव.

वाईट अनुभवही आहेत. एका दवाखान्याबाहेरच्या हॉटेलात न विचारता पाण्याची सीलबंद बाटली फोडून टेबलावर ठेवली आणि पैसे बिलात लावले. साधं पाणी मागितलं तर ऐकू न आल्यासारखं केलं. बरोबरच्या पोरानं पुढं दोन दिवस हॉटेलाचं नाव काढू दिलं नाही. म्हणून आमच्या लोकांना मी एवढंच सांगतो, बसण्याआधी दर विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. टेबलावर दुसरे लोक बसलेले असतील तरी मोकळ्या खुर्चीवर बसा, मुंबईत त्याचं कुणाला काही वाटत नाही. आणि गर्दीच्या वेळी जेवण झालं की जागा सोडा, मागे उभा असलेला माणूसही दुपारच्या सुट्टीतला नोकरदारच असतो.

आपल्याला विनंती अशी की पुढची यादी करताना आमच्या बाजूनंही विचार व्हावा. प्रत्येक ठिकाणापुढं जवळचं स्टेशन, कोणत्या बाजूला उतरायचं, किती चालायचं, साध्या जेवणाला अंदाजे किती लागतात, पैसे आधी की नंतर, आणि सुट्टीचा वार कोणता, एवढं छापलं तरी पुरे. टाटा, केईएम, जे.जे., सायन, वाडिया आणि मंत्रालय, या प्रत्येकाच्या आसपासची तीन-चार नावं असावीत. यांत माझ्याकडून राहिलेली कितीतरी असतील. परळ-लालबागमध्ये घरगुती पोळीभाजी देणाऱ्या बाया अजून आहेत, त्यांची नावं मुंबईच्या वाचकांनाच ठाऊक. त्यांनी ती आपल्याकडं कळवावीत. आपण ती विदर्भ आवृत्तीत छापलीत तर मी ते कात्रण धामणगाव स्टेशनवर आणि आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लावून घेण्याची परवानगी काढतो. कापूस वेचून झाला की पुढं ढकललेल्या तपासण्यांसाठी आमच्याकडची माणसं मुंबईची तिकिटं काढतात, तेव्हा दिवाळीच्या आसपास छापलं तर जास्त लोकांच्या उपयोगी पडेल.

कळावे,
आपला वाचक,
एक कास्तकार
ता. धामणगाव रेल्वे, जि. अमरावती