आईची ब्राह्मी

केळशी

प्रिय नंदे,

दिवाळीपासून ना पत्र ना फोन. रागावली असशीलच, पत्र वाचून झालं की भांड. माझी टाच बरी, ह्यांची साखर आटोक्यात.

न्हाणीच्या पाण्यावरचा ब्राह्मीचा वाफा आठवतो ना, पोफळींखालचा? तो आता विहिरीपर्यंत सरपटलाय. पेर मातीला टेकलं की तिथे मूळ धरतं, निर्लज्ज मेलं. परवा तिथलं तण काढत होते, तर ओल्या मातीत आईच्या गोळ्या! विसरण्यावरच्या. रात्री माझ्यादेखत तोंडात टाकते, वर पाणी पिते, गालात धरते आणि सकाळी नेऊन पुरते.

विचारलं तर बाई म्हणतात, "चरकाने चार मेध्य, म्हणजे बुद्धी वाढवणारी, रसायनं सांगितली आहेत, त्यात मंडूकपर्णीचा, म्हणजे आपल्या ह्याच ब्राह्मीचा, स्वरस पहिला." पुढे ज्येष्ठमध, गुळवेल, शंखपुष्पी, सगळं श्लोकासकट, एक मात्रा न चुकता. आणि लगेच, "आपण जेवलो का गं?" हिच्याशी कुठल्या तोंडाने भांडू, सांग.

ब्राह्मीशी माझं वैर नाही. ओल्या खोबऱ्याबरोबर चटणी मीही वाटते. रस खोबरेलात घालून तडतड थांबेपर्यंत कढवते. (तेच तेल थापून दहावीभर यायचीस आणि भूमितीत माझ्यामागेच राहिलीस. तपासणारे चुकले होते हे पुन्हा ऐकवू नकोस.) पण ही रोज वाटीभर रस पिते. डॉक्टर म्हणाले, चटणी खाऊ द्या, इतका रस मात्र नको. क्वचित कुणाच्या यकृताला बाधल्याच्या नोंदी आहेत. शिवाय पाणी साबणाचं, ती पानं धुते की नाही देव जाणे. सावलीतली मोठी पानं तेवढी नेमकी खुडते, ते बरं आठवतं!

गोळीनेही गेलेलं परत येणार नाही, असं तेच म्हणाले. झाला तर काही काळ थोडा आधार. मग तेवढ्यासाठी म्हातारीशी रोज रात्री झटापट करायची? ह्यांचं म्हणणं, दुधातून दे. मला ते फसवणं वाटतं. रस बंद केला तर माझ्याशी बोलणंच बंद करेल.

धाकट्याचं लग्न ठरलं म्हणे! तारीख कळव. गच्चीची गळती थांबली का?

आईला एक फोन कर. तू तिची लाडकी विद्यार्थिनी, तुझं ऐकेल. संध्याकाळी कर, आणि आधी शब्दरूपं पाठ करून बस, विचारल्याशिवाय राहणार नाही.

तुझी,
सुमा