ताई, त्या संध्याकाळच्या फोनबद्दल

प्रिय ताई,

इथे नॉर्वेतल्या ट्रॉम्सोत संध्याकाळचे सहा वाजले होते, म्हणजे तुझ्याकडे पुण्यात रात्रीचे साडेदहा. तरी तू पहिल्या रिंगला फोन उचललास.

ट्रॉम्सोजवळच्या रामफ्योर्डमोएनचा आयस्कॅट हीटर, म्हणजे रेडिओ लहरींनी वरचं वातावरण तापवणारं आमचं यंत्र, सुरू होता. शंभर-शंभर किलोवॉटचे बारा ट्रान्समीटर 6.2 मेगाहर्ट्झवर आयनांबराकडे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराकडे, ऊर्जा सोडत होते आणि 32 मीटरच्या रडार तबकडीला वर काहीच बदल दिसत नव्हता. चूक माझ्याच प्रोग्रॅममध्ये असणार, असं धरून मी दोन तास कोड उसवत बसलो होतो. रडवेला झालो होतो, ते तुला आवाजावरून कळलंच असेल.

तू एकच विचारलंस, "आयनोग्राम पाहिलास का?"

आयनांबर कोणत्या वारंवारतेची लहर किती उंचीवरून परतवतं ते दाखवणारा तो आलेख मी पाहिलाच नव्हता. सूर्य कलला तशी वरची इलेक्ट्रॉनची दाटी ओसरली होती आणि क्रांतिक वारंवारता, म्हणजे आयनांबर जिच्यापर्यंतची लहर परतवू शकतं ती मर्यादा, 5.8 मेगाहर्ट्झवर आली होती. आमची लहर कुठेही न अडता सरळ अवकाशात निघून जात होती! वारंवारता 4.9 वर आणली, झोत तू सांगितलास तसा पृथ्वीच्या चुंबकीय रेषेच्या दिशेने, म्हणजे दक्षिणेला 12 अंश कलवला. पुढच्या वेळी हीटर लागताच रडारच्या आलेखाच्या खांद्यावर सुईसारखं टोक उभं राहिलं. मी खुर्चीतून उठलोच.

ते टोक काही सेकंदांत खाली का बसतं, हेही तूच समजावलंस. नागपंचमीच्या झोक्यावर उभं राहून, योग्य वेळी गुडघे वाकवून झोका चढवतात ना, तसं. जोर घर्षणाला पुरून उरला तरच झोका चढतो. हीटरची लहरही एका मर्यादेपलीकडे गेली की फुटते आणि प्लाझ्मातल्या, म्हणजे वरच्या त्या विद्युतभारित वायूतल्या, इलेक्ट्रॉनांच्या व आयनांच्या लहरी एकदम वाढवते; ही पहिली अस्थिरता, तिचंच ते टोक. पण तेवढ्यात, लहर जिथून परतते त्या उंचीच्या जरा खाली, दुसरी अस्थिरता जागी होते. चुंबकीय रेषांच्या बाजूने इलेक्ट्रॉनच्या दाटीत लांबट चरे पडतात, आणि वर पोचायची ऊर्जा ते चरे वाटेतच खातात. पुस्तकात हे दोन वेगळ्या प्रकरणांत वाचलं होतं. एकीने दुसरीचा घास पळवलेला मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिला.

ताई, दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं लेक्चर होतं, हे मला नंतर कळलं. तू दीड तास फोनवर होतीस. एकदाही घाई केली नाहीस, "एवढंही कसं कळत नाही" असं म्हणाली नाहीस. मनापासून आभार.

त्या टोकाचा आलेख छापून घेतलाय. दिवाळीत येईन तेव्हा तुझ्या हातात देईन.

तुझा धाकटा भाऊ